ऐरोलीच्या गॅरेजच्या छतात पाणी येतं कुठून?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर कळेल. ऐरोलीत तुमचं रो-हाउस आहे. घर झाल्यावर काही वर्षांनी पुढच्या अंगाला गॅरेज बांधलं. त्यावर आरसीसी स्लॅब (सळया घालून भरलेलं काँक्रीटचं छत), आणि स्लॅबवर टाइल्स लावून छोटी गच्ची. माप १० बाय १८ फूट, १८ फुटांची बाजू घरापासून रस्त्याकडे जाणारी. गेले तीन पावसाळे गॅरेजच्या छताला आतून ओल येते. घराच्या भिंतीलगतची हातभर पट्टी आधी काळवंडते आणि मधल्या दिव्याच्या होल्डरमधून थेंब पडतात. दोन वर्षं लागोपाठ मे महिन्यात वरून पांढरं केमिकल मारून घेतलं. जून बरा गेला, जुलैत परत तेच. आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सगळ्या टाइल्स उखडून नवा कोबा (स्लॅबवरचा उतार दिलेला सिमेंटचा थर) घाला. दुसरा म्हणतो, वर पत्र्याची शेड टाका. कोणाचं ऐकावं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत असं की सध्या दोघांचंही ऐकू नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी २२ वर्षं गळतीची आणि आरसीसी दुरुस्तीची कामं करतोय. दोघांनी तुम्हाला उपाय सांगितला, कारण एकानेही सांगितलं नाही. पाणी स्लॅबवर पडतं आणि तिथूनच खाली झिरपतं, असं दोघांनी धरून चाललंय. तुम्ही दिलेल्या खुणा वाचून मला तसं वाटत नाही. माझा पहिला संशय घराची भिंत आणि गॅरेजचा स्लॅब जिथे भेटतात त्या सांध्यावर आहे. दुसरा संशय दिव्याकडे जाणाऱ्या वायरिंगच्या पाइपवर. पण छत न बघता हा संशयच राहणार. त्याची खात्री तुम्हाला घरच्या घरी करता येईल, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

पहिली गोष्ट. ओलीचा डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी ओला होतो, हे मला जास्त कामाचं वाटतं. काँक्रीटमध्ये शिरलेलं पाणी सरळ खाली येत नाही. ते टाइल्सखालच्या मसाल्यातून उताराच्या दिशेने सरकतं, एखादी केसाएवढी चीर सापडली की आत उतरतं, सळईच्या कडेने पुढे जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. शिरण्याची जागा आणि ठिबकण्याची जागा यांत दहा-दहा फुटांचं अंतर मी पाहिलंय. वेळ मात्र बरंच काही सांगून जाते.

म्हणून आतापासून एक वही ठेवा आणि गॅरेजच्या छताला आतून पेन्सिलीने ओलीची कड आखून तारीख-वेळ लिहा. पाऊस कधी सुरू झाला, वारा कुठून होता, छत किती वेळाने ओलं झालं, पाऊस थांबल्यावर किती वेळाने सुकलं, एवढंच टिपायचं. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत ओल दिसली तर पाण्याला थेट वाट आहे, म्हणजे सांधा, तडा, पाइपचं तोंड असं काहीतरी. दोन-तीन दिवस संततधार लागल्यावर ओल आली आणि उघडीप झाल्यावरही चार-पाच दिवस ठिबकत राहिली, तर टाइल्सखालचा मसाला आणि कोबा पाणी पिऊन बसलाय आणि हळूहळू सोडतोय. फक्त नैर्ऋत्येकडून वाऱ्याचा पाऊस आला की ओलं होत असेल, आणि सरळ पडणाऱ्या पावसात कोरडं राहत असेल, तर स्लॅबकडे बघूच नका, भिंतीकडे बघा. आणि मार्च-एप्रिलमध्येही ओल टिकून असेल तर पावसाचा संबंध नाही, पाण्याची लाइन तपासा.

लाइन तपासणं सोपं आहे. रात्री झोपताना गच्चीवरच्या टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, टाकीत पाण्याची पातळी खडूने आखा. सकाळी पातळी तीच असेल तर पुढच्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवा, पण घरातला एकही नळ वापरू नका, आणि परत बघा. या रात्री पातळी उतरली तर टाकीनंतरच्या पाइपात कुठेतरी पाणी जातंय. तुमच्या गॅरेजवरून बाथरूमचा पाइप जात नसेल तर हा मुद्दा बहुतेक निकालात निघेल. पण दोन रात्रींत निकालात निघतो, म्हणून करून टाका.

आता एक कारण, ज्याची आठवण फार कमी जणांना होते. छताला आतून दिसणारं प्रत्येक पाणी बाहेरून आलेलं नसतं. नेरुळला एका बंगल्यात गॅरेजच्या वर बेडरूम होती. छताला जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी दव पडल्यासारखे बारीक थेंब, सगळीकडे सारखे, काळी बुरशीही धरलेली. त्यांनी वरच्या बेडरूमची फरशी बदलण्याचा खर्च केला होता. मी सकाळी सात वाजता गेलो, छताला हात लावला तर स्लॅब गार. वर रात्रभर एसी चालायचा. खाली भिजलेल्या दोन गाड्या आणि बंद शटर. पावसाळ्यातली हवा २८ अंश आणि ९० टक्के दमट असेल तर साधारण २६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातलं पाणी सुटतं. गार पाण्याच्या तांब्याला घाम येतो, तसाच स्लॅबला येत होता. तिथे शटरच्या वर आणि मागच्या भिंतीत जाळ्या पाडल्या, हवा खेळती केली, छताला आतून उष्णतारोधक थर दिला. वॉटरप्रूफिंगचा एक थेंबही लागला नाही.

तुमच्याकडे वर उघडी गच्ची आहे, ओलही एका कडेला आहे, तेव्हा हे मुख्य कारण नसावं. तरी शंका फेडायला दीड बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. पाऊस थांबून छत वरवर सुकलेलं असताना तो ओलीच्या जागेवर चारही बाजूंनी घट्ट चिकटपट्टी लावून २४ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे छताकडे, पाणी जमलं तर ते स्लॅबमधून येतंय. बाहेरच्या बाजूला, तुमच्याकडे, थेंब धरले तर हवेतलं आहे. कधी दोन्हीकडे जमतं. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

तुमचं गॅरेज पत्र्याचं असतं तर शोध वेगळा असता. तिथे आधी स्क्रूचे रबरी वॉशर, पत्र्यावर पत्रा किती चढलाय ते, आणि पहाटेचं दव बघायचं. तुमचा स्लॅब आहे, म्हणून तिकडे जात नाही.

आता दिव्याच्या होल्डरकडे येतो. होल्डरमधून पाणी पडतं म्हणजे त्याच्या बरोब्बर वर स्लॅब फुटलाय, असा समज असतो. तसं क्वचितच असतं. स्लॅब भरताना वायरिंगचे पाइप त्यात गाडले जातात आणि ते सगळे छतातल्या डब्यात येऊन मिळतात. पाइपात पाणी शिरलं की तो डबा म्हणजे गळतीचं तोंडच.

ठाण्यात कोलशेतला असंच एक काम होतं. गॅरेजच्या दिव्यातून पाणी, वरून दोनदा केमिकल मारून झालेलं. मी मेन स्विच बंद करून दिवा उतरवला, डब्याचं झाकण काढलं. आत तीन पाइपांची तोंडं होती. दोन कोरडी. तिसऱ्याच्या तळाला गढूळ पाण्याची एक रेघ आणि वायरींवर लाल मातीचा पातळ थर. माती कुठून आली? गच्चीच्या कठड्यावर एक दिवा होता, तो कधीतरी काढून टाकलेला. त्याचा पाइप कठड्यातून तोंड उघडं टाकून बाहेर आलेला, आणि त्याखालीच जास्वंदाची कुंडी. पाऊस कुंडीतल्या मातीसकट त्या पाइपात जात होता आणि ११ फूट लांब, गॅरेजच्या मधोमध ठिबकत होता. पाइपाचं तोंड कापून, वळवून, बंद केलं. तासाभराचं काम. गच्चीवर खर्च केलेला सगळा पैसा मात्र गेला तो गेलाच.

म्हणून तुमच्या गच्चीवर दिवा, प्लग, डोअरबेल, कॅमेरा, इंटरनेटची वायर, काहीही असेल तर त्याचा पाइप कुठे उघडा आहे का बघा. आणि हे वाचून झाल्यावर लगेच एक करा: गॅरेजच्या दिव्याचं सर्किट एमसीबीवर बंद ठेवा. ओल्या होल्डरखाली लोखंडी शटर आणि ओली फरशी, ही जोडी जिवावर बेतू शकते. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या, बाकी कामं थांबली तरी चालतील.

भिंतीलगतच्या पट्टीचा विचार करू. मला इथेच खरं कारण दिसतं. गॅरेज घरानंतर बांधलंय, म्हणजे दोन वेगळी बांधकामं शेजारी उभी आहेत. दोघांचा पाया वेगळा, बसणं वेगळं. त्यात ऊन. गच्चीचा स्लॅब मे महिन्यात दुपारी तापतो, रात्री निवतो, पहिल्या पावसात एकदम गार पडतो. १८ फूट लांब स्लॅबचं तापमान ३० अंशांनी बदललं तर तो सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांब-आखूड होतो. ऐकायला हे काहीच नाही. पण ही हालचाल घराच्या भिंतीपाशी येऊन थांबते आणि तिथला सांधा दर दिवशी थोडा उघडतो, थोडा मिटतो. सिमेंट ताणलं जात नाही, ते फुटतं. तिथे कितीही चांगला मसाला भरा, पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या कडेने केसासारखी चीर पडणारच.

आणि त्या चिरेवर पाणी किती येतं? तुमच्या गच्चीचं क्षेत्रफळ साधारण १६.७ चौरस मीटर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत नवल नाही, तेवढ्यात तुमच्या गच्चीवर १,६०० लिटरहून जास्त पाणी उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली होती. तेवढा पाऊस तुमच्या गच्चीवर पडला असता तर १५,००० लिटरच्या वर. हे झालं सरळ पडणारं पाणी. त्यात तुमच्या घराची वरची भिंत धरा. वाऱ्याचा पाऊस त्या भिंतीवर आपटतो, सगळं पाणी भिंतीवरून पडद्यासारखं खाली उतरतं आणि नेमकं त्या सांध्यावर येतं. गच्चीवर केमिकल मारणारा मिस्त्री पायाखालची जमीन बघतो. पाणी बाजूच्या भिंतीवरून येतंय, तिकडे त्याचं लक्षच जात नाही.

पांढरं केमिकल पहिला महिना का टिकतं हेही यातून कळेल. मेमध्ये ते सांध्यावरून ब्रशने फिरवलं जातं, पातळ थर चिरेवर पूल बांधल्यासारखा बसतो. उन्हाने तापलेला स्लॅब तेव्हा पसरलेला असतो, म्हणजे चीर मिटलेली असते. जूनमध्ये स्लॅब गार होऊन आखडला की चीर उघडते आणि थर तिथेच तुटतो. शिवाय टाइल्सवर मारलेला हलक्या प्रतीचा ॲक्रिलिक थर सतत पाण्याखाली राहिला तर मऊ पडतो, सालीसारखा सुटतो. तुमच्या फोटोत कोपऱ्यात जी सालं निघालेली दिसतात, ती त्याचीच. मिस्त्रीने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला जागा चुकीची दाखवली गेली, आणि त्याने दाखवलेल्या जागी काम केलं.

आत्तापर्यंतचं एकदा जुळवून घेऊ: वेळेची वही ठेवायची, पाण्याची लाइन दोन रात्रींत तपासायची, प्लॅस्टिकचा तुकडा लावायचा, वायरिंगच्या पाइपांची तोंडं शोधायची. हे सगळं भर पावसातही होतं आणि त्याला खर्च जवळपास नाही. पुढची परीक्षा मात्र पाऊस संपल्यावर, स्लॅब दसऱ्यानंतर चांगला सुकला की करायची.

त्याला आम्ही पाँडिंग म्हणतो, म्हणजे गच्चीवर पाणी कोंडून ठेवायचं. पण त्याआधी खालून छत ठोकून बघा. लहान हातोडी घ्या आणि ओलीच्या पट्टीपासून सुरू करून हलक्या हाताने फूट-फूट अंतरावर ठोका. काँक्रीट धड असेल तर खणखणीत वाजतं. गिलावा सुटला असेल किंवा आत सळई गंजून काँक्रीट फुगलं असेल तर बद्द आवाज येतो. नवी मुंबईत खाडीची खारी हवा आहे, ओल आणि खार एकत्र आले की सळई लवकर गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत सरळ तडा, पडलेल्या खपल्या, यांतलं काही दिसलं तर वर पाणी कोंडू नका आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पांढऱ्या खाराच्या किंवा चुन्याच्या छोट्या लोंबत्या असतील तर तेवढ्याने घाबरू नका. पाणी बऱ्याच दिवसांपासून काँक्रीटमधून जातंय आणि त्यातला चुना सोबत आणतंय, एवढाच त्याचा अर्थ.

छत खणखणीत असेल तर पुढे जा. पाणी ४-५ सेंटिमीटरच भरायचं. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन. वापरातल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण १५० किलोचा वापराचा भार धरून डिझाइन करतात, म्हणून धड स्लॅबला ते जड नाही. पण पाण्यासोबत तिथे माणसांची गर्दी करू नका, कुंड्याही आधी खाली उतरवा.

आता ही परीक्षा करण्याची पद्धत महत्त्वाची आहे, कारण सगळे जण पूर्ण गच्ची एकदम भरतात आणि खाली ओल आली की "गळतंय" एवढंच कळतं. ते तर आधीच माहीत होतं. घराच्या भिंतीपासून एक फूट सोडून, मातीचा किंवा कच्च्या मसाल्याचा तीन इंच उंच बांध घाला. पाणी जायच्या पाइपात जुनं कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवा. बांधाच्या रस्त्याकडच्या भागात पाणी भरा, भिंतीकडची पट्टी कोरडी ठेवा. ४८ तास थांबा. खाली छत कोरडं राहिलं तर तुमचा स्लॅब आणि कोबा चांगला आहे, आणि तो फोडण्याचं काहीच कारण नाही. मग बुच काढून पाणी जाऊ द्या. पाइप मोकळा केल्यावर पाइपाभोवती ओल येते का तेही बघा, कारण कधी स्लॅब ठीक असतो आणि पाइपाच्या गळ्यापाशीच पाणी आत उतरतं.

दुसऱ्या टप्प्यात भिंतीलगतची पट्टी भरा. पाण्यात थोडा खायचा लाल रंग टाका, म्हणजे खाली आलेलं पाणी तेच का हे ओळखता येईल. घरचा दरवाजा गच्चीवर उघडत असेल तर उंबऱ्याच्या खाली पाणी राहील एवढंच भरा. तासा-दोन तासांत खाली लालसर ओल दिसली तर चोर सापडला. नाही दिसली तर तिसरा टप्पा: पट्टीतलं पाणी काढा आणि नळीने भिंतीवर पाणी मारा, पण खालून वर. आधी फक्त खालचा फूटभर भाग, अर्धा तास. मग खिडकीच्या खालपर्यंत, अर्धा तास. मग खिडकीची चौकट, मग एसीच्या पाइपचं भोक. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. खालून वर चढत गेलात तर जिथे छत ओलं होईल तिथेच थांबायचं. या कामाला दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली टॉर्च घेऊन.

समजा सांधाच निघाला. मग भिंतीलगतची एकच ओळ टाइल्स काढायची, बाकी गच्चीला हात नाही. सांधा छिन्नीने मोकळा करायचा, जुना मसाला, केमिकलची सालं, शेवाळ सगळं काढून तारेच्या ब्रशने घासायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. त्या चिरेत पिंपळाचं रोप असेल तर नुसतं उपटू नका, मुळापर्यंत उकरून काढा. राहिलेलं मूळ पुन्हा फुटतं आणि सांधा उघडतं. मग सांध्यात फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि तिच्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. सांधा १२ मिलिमीटर रुंद असेल तर सीलंट सुमारे ६ मिलिमीटर जाड. ते दोन्ही बाजूंना चिकटायला हवं, तळाला नको, तरच रबरासारखं ताणतं. दोरी त्यासाठीच असते. ती न घालता सीलंट ठासून भरलेलं मी अनेकदा उकरून काढलंय. तीन बाजूंनी चिकटलेलं सीलंट पहिल्याच उन्हाळ्यात फाटतं.

त्याच्यावर लवचीक कोटिंगचा थर, मध्ये फायबरची जाळी, सांध्यावर थोडी सैल ठेवलेली. स्लॅबवर सहा इंच आणि भिंतीवर किमान सहा इंच चढवलेली. भिंतीवरची वरची कड नुसती गिलाव्यावर चिकटवून सोडायची नाही. भिंतीत आडवा चर पाडायचा, कड त्यात दुमडायची आणि चर बंद करायचा. नाहीतर वरून येणारं पाणी कोटिंगच्या मागे शिरतं आणि तुमचं काम आतून सुटतं. हा चर पाडायला मिस्त्री कंटाळा करतात. तुम्ही स्वतः उभे राहून करून घ्या.

इथे गवंडी एक चूक हमखास करतात. कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करतात, तिला आम्ही वाटा म्हणतो. कठडा आणि स्लॅब एकत्र हलतात, तिथे वाटा उत्तम. पण हलणाऱ्या सांध्यावर कडक वाटा घातला तर तो दोन्हीकडे चिकटतो आणि एका कडेने उखडतो. तुमच्या उरलेल्या तीन बाजूंच्या कठड्याला वाटा ठेवा, घराच्या भिंतीकडे नको.

भिंतीतूनच पाणी येत असेल तर वरच्या गिलाव्याच्या भेगा भरणं, खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार देणं, एसीचं भोक बाहेरून बंद करणं आणि बाहेरचा रंग, एवढं पुरतं. पहिल्या टप्प्यातच, म्हणजे मधल्या भागात पाणी भरल्यावरच छत ओलं झालं, तर मात्र पहिला कॉन्ट्रॅक्टर बरोबर ठरतो. टाइल्स आणि जुना कोबा काढावाच लागेल, कारण भिजलेल्या मसाल्यावर नवीन थर टिकत नाही. तेव्हा नव्या कोब्याला १०० ला १ उतार मागा, म्हणजे १८ फुटांत साधारण साडेपाच सेंटिमीटर. उतार घराच्या भिंतीपासून दूर, रस्त्याकडे असावा आणि पाणी जायला चार इंची पाइप असावा. कोबा झाल्यावर टाइल्स लावण्याआधी पाणी कोंडून बघा, टाइल्स लावल्यावर नव्हे.

खालून छताला वॉटरप्रूफ रंग लावण्याचा सल्ला कोणी देईल. वरचं पाणी थांबून छत सुकल्याशिवाय ते करू नका. डाग झाकला जातो, पाणी आत अडकतं आणि सळईला जास्त वेळ चिकटून राहतं. गळती थांबल्यावर सळया उघड्या पडल्या असतील तर गंज पूर्ण घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने दुरुस्ती करायची, मगच गिलावा आणि रंग.

शेडबद्दल. शेड सरळ पडणारा पाऊस अडवते, भिंतीवरून येणारं पाणी अडवायचं तर तिचाही भिंतीशी सांधा तेवढाच नीट बांधावा लागतो. म्हणजे आजचा प्रश्न पाच-सहा फूट वर सरकवल्यासारखं होतं. शिवाय वाऱ्याचा जोर, खाऱ्या हवेत गंजणारे खांब, आणि बांधकामाची परवानगी. गच्ची वापरायला सावली हवी असेल तर शेड जरूर करा, आधी महापालिकेत परवानगीचं विचारून. ओल थांबवायची म्हणून करू नका.

कामाचा करार करताना किती चौरस फूट केमिकल मारलं यावर पैसे देऊ नका. कुठली जागा, कुठली पद्धत, किती थर, आणि काम झाल्यावर ४८ तासांची पाणी कोंडण्याची परीक्षा, हे कागदावर लिहून घ्या. काही रक्कम पुढच्या जुलैपर्यंत मागे ठेवा. आत्मविश्वास असलेला माणूस याला तयार होतो. काम दिवाळीनंतर आणि एप्रिलच्या आत उरका. मेमध्ये सगळ्यांची घाई असते, मिस्त्री मिळत नाहीत, आणि मिळाले तर घाईत थर मारून मोकळे होतात.

आणि आत्ता, या पावसाळ्यात? एक-दोन दिवसांची उघडीप मिळाली की भिंतीलगतचा सांधा कापडाने पुसून कोरडा करा आणि त्यावर चार ते सहा इंच रुंद, ॲल्युमिनियमचा वरचा थर असलेली चिकट डांबरी पट्टी लावा. अर्धी भिंतीवर, अर्धी टाइल्सवर, हाताने नव्हे तर लाटण्याने दाबून. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पक्का उपाय म्हणून मी ती सांगत नाही, ती या मोसमापुरती आहे. पण त्यानंतरच्या पहिल्या वाऱ्याच्या पावसात गॅरेजमध्ये जाऊन पेन्सिलीची रेघ बघा. ओल रेघेपर्यंत पोहोचली नाही तर नोव्हेंबरमध्ये कुठली ओळ टाइल्स काढायची हे ठरलं. पोहोचली तर वहीतल्या वेळा मला पाठवा, त्यावरून पुढचं बघू.